गिटारच्या पट्ट्याचं बटण सारखं ढिलं होतंय, काडेपेटीच्या काड्या पुरतील का?

खडू-डस्टर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

हा धागा वाद्यांच्या विभागात टाकावा की सुतारकामाच्या, हे ठरेना. शेवटी घरगुती दुरुस्तीत टाकतेय. चुकलं असेल तर हलवा.

मी चिपळूणला असते. शाळेत गणित शिकवते, वय सेहेचाळीस. तीन वर्षांपूर्वी गिटार शिकायला घेतली आणि अजून एफ कॉर्ड लावला की दोन तारा कुरकुरतातच. गिटार भाच्याची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना "मावशी, तू वाजव" म्हणून ठेवून गेला. त्यानंही ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती, म्हणजे मी तिसरी मालकीण. स्ट्रॅट आकाराची, दोन शिंगांची, लाल रंगाची इलेक्ट्रिक. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात कमरेपर्यंत आलं तेव्हा ही माळ्यावर होती म्हणून वाचली. त्यामुळे घरात तिला जरा मान आहे.

आता दुखणं. पट्टा अडकवायची दोन बटणं असतात ना, त्यातलं वरच्या शिंगाच्या टोकाचं बटण ढिलं झालंय. स्क्रू पिळला की फिरतो, फिरतच राहतो, आवळला असं होतच नाही. मागच्या आठवड्यात आमच्या ह्यांनी भोकात काडेपेटीची काडी खुपसली (डोकं कापून, हे ते मुद्दाम लिहायला सांगतायत) आणि स्क्रू लावला. चार दिवस टिकला. आज १५ ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालू असताना दुसऱ्या कडव्याला पट्टा, बटण, स्क्रू असं सगळं एकत्र निघून हातात आलं. गिटार मी गुडघ्यावर झेलली. गिटारला काही नाही, गुडघा सुजलाय. सातवी ब च्या मुलांना वाटलं कार्यक्रमाचा भागच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुतार म्हणतो गणपतीनंतर या. मखरं आणि पाटांची कामं आहेत, त्याचंही बरोबर आहे. पण मला १५ तारखेला उभं राहून वाजवायचंय.

विचारायचं एवढंच की काड्याच जास्त घालू का? फेविकॉलसकट घालू का? की सरळ जाड स्क्रू लावू? आणि ड्रिल मारायची वेळ आलीच तर आत वायरी असतात ना, त्यांना लागणार नाही ना?

---

टवाळ_कार्टा (सोमवार, रात्री ९:५२)

बसून वाजवा. हघ्या (हलकेच घ्या).

---

बेंजोवाला (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, गुडघ्याला बर्फ लावा आधी.

आम्ही लालबागची बेंजो पार्टी. बेंजो गळ्यात अडकवून पाच-सहा तास चालायचं, खाली डांबर, मागून ढोल. पट्टा सुटला तर वाद्य गेलं समजायचं. आमचा नियम सांगतो. पट्ट्याशिवाय एक वेगळी दोरी, बुटाची नाडी चालते, वाद्याला बांधून पट्ट्यात अडकवलेली असते. बटण निघालं तरी वाद्य लोंबकळतं, पडत नाही. १५ तारखेपर्यंत काही जमलं नाही तर निदान एवढं करा.

आणि एक सांगतो, भिंतीत बसवतात ती प्लॅस्टिकची गिट्टी घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आमच्या एका गिटारवाल्यानं घातली होती. गिट्टीचं कामच मुळी स्क्रू आत गेला की फुगायचं. भिंत फुगत नाही म्हणून ती धरते. शिंगाचं लाकूड बारीक, ते उभं चिरलं. तडा रंगाच्या खालून पार पिकअपच्या प्लेटपर्यंत गेला.

---

पॅटर्नशॉप (मंगळवार, सकाळी ६:२०)

बाई, नमस्कार. मला गिटार वाजवता येत नाही. नातू वाजवतो, मी ऐकतो. पण लाकूड कळतं. कोल्हापुरात फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये ३१ वर्षं काढली. ओतकामाआधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, त्याभोवती वाळू ठासतात, तो नमुना काढून घेतला की पोकळीत लोखंड ओततात. तो नमुना करायचं काम आमचं. बिडाचं लोखंड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा मीटर १०१० मिलिमीटरचा असायचा. गणिताच्या बाई आहात म्हणून सांगितलं. सांगायचा मुद्दा, मोजल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका.

आधी हे करा आणि इथे लिहा.

स्क्रूची एकूण लांबी. बटणात तो किती बुडतो, म्हणजे डोक्याखालून बटणाच्या बुडापर्यंत किती. बटणाखाली नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती आहे का, असेल तर तिची जाडी. मग भोकात टूथपिक घालून ते किती खोल आहे ते बघा. आणि बॅटरी मारून आत काय काय आहे ते बघा. जुन्या मालकांनी काय कोंबलं असेल सांगता येत नाही.

तोवर हे लक्षात घ्या. गिटारच्या धडाचं लाकूड लांबीत लावलेलं असतं, रेषे गळ्याच्या दिशेनं धावतात. तुमचा शिंगातला स्क्रू साधारण त्याच दिशेनं आत जातो. म्हणजे रेषांच्या टोकांमधून. केरसुणीच्या बुडात खिळा ठोकला तर काड्या बाजूला सरकतात आणि खिळा जागा करून घेतो, तसं हे आहे. तोच खिळा काड्यांच्या आडवा घातला तर त्याला काड्या तोडाव्या लागतात, म्हणून धरून बसतो. आडव्या रेषांतला स्क्रू आणि टोकातला स्क्रू यांच्या पकडीत पुष्कळ फरक. त्यात स्वस्त गिटारींना बासवुड किंवा तसलंच मऊ लाकूड असतं, नखानं रेघ ओढता येते. आणि तुमच्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगणार, मे महिन्यात आकसणार. स्क्रू लोखंडाचा, तो आपला आहे तेवढाच. दर वर्षी थोडी थोडी जागा होते.

खालचं बटणही उघडून बघा. तेही रेषांच्या टोकातच असतं.

---

खडू-डस्टर (मंगळवार, संध्याकाळी ५:३०)

काका, तुम्ही गृहपाठ दिलात, मी आजच केला. कंपासपेटीतली पट्टी वापरलीय, ती हजारालाच मीटर म्हणते.

स्क्रू २० मिलिमीटर. बटणात बुडतो ८. चकती २. म्हणजे लाकडात जातो २० − ८ − २ = १०. त्यातलं पुढचं टोक निमुळतं, ते ३-४ तरी असेल. म्हणजे गिटारचा सगळा भार ६ मिलिमीटरवर! (भाजीवाल्याकडे वजन केलं, ३ किलो ७००. "वैनी, ही कितीला लावायची?" म्हणाला.)

आता खरी गंमत. भोक २६ मिलिमीटर खोल आहे. २० चा स्क्रू १० जात असेल तर २६ खोल भोक पाडलं कुणी आणि कशाला? म्हणजे मुळात इथे लांब स्क्रू होता आणि मधल्या काळात कुणीतरी तो बदलून हाताला लागला तो आखूड लावला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मी नाही, पण माझ्याकडे आली तेव्हापासून ते बटण जरा हलायचं." जरा हलायचं! चार वर्षं हलत होतं आणि ह्यानं पट्टा जरा सैल धरून वाजवलं.

सुईनं खरवडल्यावर आतून काय काय निघालं सांगते. आमच्या ह्यांची काडी. तिच्याखाली दुसरी काडी, डोक्यासकट (हे सुटकेचा निःश्वास टाकतायत). त्याच्याखाली करड्या रंगाचा कडक मसाला, नळ गळतो तिथे लावतात तसला, भुगा होत बाहेर येतोय. त्याच्याखाली परत लाकूड. उत्खननच आहे. प्रत्येक मालकानं आपला एक थर घातलाय आणि लांब स्क्रू आणावा असं एकालाही वाटलेलं नाही.

खालचं बटण घट्ट आहे, त्याला हात लावत नाही.

---

न्युर्नबर्गकर (मंगळवार, रात्री ११:०५)

काकांच्या उत्तराला +१, पण एक वेगळं मत मांडतो. दर वेळी ड्रिलपर्यंत जायची गरज नसते. चायनीज हॉटेलातली एक चॉपस्टिक घ्या, चाकूनं तासून भोकात घट्ट बसेल अशी निमुळती करा, फेविकॉल लावून ठोका, सुकल्यावर वरून कापा आणि बारीक भोक पाडून स्क्रू लावा. मी माझ्या दोन गिटारींना असंच केलंय, सात वर्षं झाली.

दुसरं, पट्टा बटणावरून निसटू नये म्हणून वेगळे लॉक मिळतात. शालर कंपनीचे प्रसिद्ध आहेत, ती आमच्या इथून जवळच, पोस्टबाउअर-हेंग नावाच्या गावातली. पण गरिबाचा उपाय त्याहून भारी. इथे काही बिअरच्या बाटल्यांना तारेच्या कडीचं बूच असतं, त्याला लाल रबरी चकती असते. पट्टा बटणात घातला की त्यावरून ती चकती ओढून बसवायची. पट्टा हलत नाही. अर्थात बटणच उपटून येत असेल तर लॉकचा काही उपयोग नाही, उलट पट्टा बटणाला धरून ठेवतो आणि बटण लाकडाला सोडतं.

---

पॅटर्नशॉप (बुधवार, सकाळी ६:०५)

न्युर्नबर्गकर, तुमचं बरोबर आहे. भोक नुसतं ढिलं झालेलं असेल, आत स्वच्छ लाकूड असेल, तर बांबूची किंवा चॉपस्टिकची पाचर उत्तम. पण बाईंच्या भोकात मसाला आहे. मसाल्यावर फेविकॉल धरत नाही. फेविकॉलला लाकूड लागतं, उघडं, न रंगवलेलं, तेल न लागलेलं. म्हणून इथे जुनं सगळं काढूनच टाकायला हवं, आणि ते काढायचा सोपा रस्ता म्हणजे ड्रिल.

बाई, कुणी झटपट गोंद ओता म्हणेल. तो पाण्यासारखा पातळ, शिंग वर करून ओतलात तरी ओघळून रंगावर येतो आणि तिथे जो पांढरा डाग पडतो तो निघत नाही. जाड स्क्रूचंही तसंच. आठ नंबरचा लावलात तर कदाचित धरेल, पण त्याचं डोकं बटणाच्या वाटीत बसणार नाही, वर उठून राहील आणि पट्टा कापेल. आणि पुढच्या वेळी काय, दहा नंबर?

आता माझी पद्धत. सावकाश वाचा.

हार्डवेअरच्या दुकानात मॉड्युलर फर्निचरच्या जोडाला लागणाऱ्या लाकडी खुंट्या मिळतात, ८ मिलिमीटर जाडीच्या, अंगावर उभ्या रेघा असलेल्या. बहुतेक बीचच्या असतात. कठीण लाकूड आहे, चांगलं. रेघा असलेलीच घ्या. गुळगुळीत खुंटी बंद भोकात ठोकली की खालचा गोंद आणि हवा अडकते, पिचकारीसारखा दाब येतो आणि लाकूड फुटतं. रेघांतून गोंद वर येतो. गुळगुळीतच मिळाली तर एका बाजूला कानशीनं सपाट पट्टी काढा.

खुंटीतले रेषे उभेच असणार, म्हणजे स्क्रू परत टोकातच जाणार, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण मऊ लाकडाच्या टोकापेक्षा बीचच्या टोकात पकड चांगली. आणि खुंटीचे रेषे व शिंगाचे रेषे एकाच दिशेला असल्यामुळे गोंद दोन्हीकडे रेषांच्या अंगाला लागतो, टोकांना नाही. तो जोड गिटारपेक्षा जास्त टिकेल.

शिंगाच्या टोकाची जाडी आणि रुंदी मोजा. दोन्ही ३० च्या वर असतील तर ८ चं भोक बिनधास्त. कमी असेल तर ६ ची खुंटी. बटणाच्या बुडाचा व्यास १४-१५ असतो, ८ चं भोक त्याखाली झाकलं जातं.

ड्रिलला साधं बिट लावा, लोखंडाचं असतं ते. लाकडासाठीचं, मध्ये अणकुचीदार टोक असलेलं बिट एरवी चांगलं, पण इथे त्या टोकाला धरायला लाकूडच नाही, मध्ये भोक आहे. ते भरकटेल. साधं बिट आहे त्या भोकाच्या मागे जातं. आधी ५, मग ८. एकदम ८ नको. बिटावर ३० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी रंगाला टेकली की थांबा.

रंग. भोकाभोवती कागदी टेप लावा आणि ८ चं बिट आधी उलटं फिरवा. उलटं फिरलं की ते कापत नाही, घासतं, आणि रंगाची कड स्वच्छ गोल निघते. मग सुलटं. सुरुवातीलाच सुलटं मारलंत तर रंगाचा टवका उडणार.

वायरींची भीती नको. तुमच्या आकाराच्या गिटारीत वायरी असतात मधल्या पांढऱ्या प्लेटखाली. शिंगाच्या टोकापासून ३० मिलिमीटर आत त्यातलं काही नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे ड्रिल सरळ धरणं. गिटार टेबलावर उताणी ठेवा, खाली चादर. शिंग टेबलाच्या कडेबाहेर येऊ द्या. भोक टेबलाला समांतर जायला हवं. एक जण वरून बघेल, एक जण बाजूनं. गुण्या असेल तर उत्तम.

भुगा फुंकून काढा (डोळे मिटून), कोरडी खुंटी घालून बघा, मग भोकाच्या भिंतींना काडीनं फेविकॉल लावा, खुंटीला थोडा. ओतू नका. मोगरीनं किंवा हातोडीखाली लाकूड धरून हलके ठोका. आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसा. बाटलीवर २४ तास लिहिलेलं असेल, तुमच्या पावसात ४८ धरा. मग वरचा भाग बारीक करवतीनं कापून पटाशीनं किंवा पॉलिश पेपरनं रंगाच्या पातळीच्या केसभर खाली आणा.

स्क्रू साडेतीन जाडीचा, ३२ लांब घ्या. ३२ − ८ − २ = २२ लाकडात. त्यासाठी भोक अडीचचं पाडा, तेवढंच खोल. स्क्रूला मेणबत्ती घासा. साबण नको, साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. हातानं आवळा, ड्रिलनं नाही. नमद्याला बटण टेकलं आणि नमदा किंचित दबला की बस. त्यापुढचा अर्धा आटा हाच ह्या सगळ्या दुखण्याची सुरुवात असतो.

---

झिम्मा (बुधवार, दुपारी १:१०)

धागा हायजॅक करतेय, माफ करा. माझी साधी गिटार आहे, वीजवाली नाही. तिचं खालचं बटणही ढिलं झालंय, पण त्याला स्क्रूच दिसत नाही! हेच सगळं करू का?

---

तुंबा (बुधवार, दुपारी ३:४५)

झिम्मा, थांबा, ड्रिल खाली ठेवा. साध्या गिटारची खालची खुंटी बहुतेक वेळा स्क्रूची नसतेच. निमुळती असते आणि नुसती दाबून बसवलेली असते, सतारीच्या खुंटीसारखी. मी मिरजेचा, लहानपण सतारमेकर गल्लीत गेलं. सतारीची खुंटी घसरायला लागली की तिला खडू घासतात. इथेही खुंटी पिळत बाहेर काढा, पांढरा खडू घासा, पिळत आत दाबा. फारच ढिली असेल तर कागदाची एक पातळ पट्टी गुंडाळा. गोंद लावू नका, उद्या काढायची वेळ आली तर?

पण त्या खुंटीतच वायर लावायचं भोक असेल तर तो जॅक आहे, आतला नट सैल झालाय. ते वेगळं प्रकरण. ओढू नका, आतली तार तुटेल.

खडू मूळ धागाकर्तीकडून मागून घ्या.

---

खडू-डस्टर (रविवार, रात्री १०:२०)

झालं! जरा सविस्तर लिहिते, कारण काकांनी सांगितलेलं सगळं करूनही दोन ठिकाणी घोळ घातलाच.

खुंट्या बाजारपुलाजवळच्या दुकानात मिळाल्या, दहाचं पाकीट, एक सुटी देईना. ड्रिल शेजाऱ्यांचं. शिंगाची जाडी ४३, टोकाची रुंदी ३५, म्हणून ८ चंच भोक ठरलं.

सरळ धरायचं कसं याचा मी गुरुवारी ऑफ तासाला विचार केला. गुण्या नाही. पण माझ्याकडे सातवीच्या तपासायच्या वह्या आहेत, अठ्ठावन्न. गिटार टेबलावर उताणी ठेवली, टेबलाला लागून त्याहून जरा बुटकं दुसरं टेबल लावलं, त्यावर वह्यांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर ड्रिल आडवं. एकेक वही कमी-जास्त करून बिटाचं टोक बरोबर भोकाच्या मध्यावर आणलं. ड्रिल वह्यांवरून नुसतं पुढे सरकवायचं. वर-खालीचा प्रश्नच मिटला, डावं-उजवं बघायला हे वरून उभे. एकोणीस वह्या लागल्या. एका वहीच्या कव्हरावर ड्रिलचं ग्रीस लागलंय, त्या मुलाला काय सांगायचं ते ठरवतेय.

५ चं बिट गेलं तेव्हा करडा भुगा आला, मग एकदम पिवळसर, मऊ, जवळजवळ पिठासारखा. ८ चं आधी उलटं फिरवलं. कड खरंच गोल निघाली. पण मग सुलटं करताना मी बिट पूर्ण थांबायच्या आत ड्रिलचं दिशेचं बटण बदललं, ते उडालं आणि तुरीच्या डाळीएवढा लाल टवका गेला. पहिला घोळ. नमद्याखाली अर्धा झाकला जातोय. उरलेल्या अर्ध्याला लेकीचं नेलपॉलिश.

खुंटी कोरडी घालून बघितली, दोन बोटांनी अर्धी गेली. फेविकॉल लावून ठोकली तर रेघांमधून पांढरे थेंब वर आले, अगदी काका म्हणाले तसे. शुक्रवारी रात्रीपासून आज रात्रीपर्यंत सुकू दिली. बाहेर असा पाऊस की कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच, म्हणून गिटार गादीवर आणि खोलीत पंखा. ह्या दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी खुंटी हलवून बघितली. त्यांना वाटतं मला कळलं नाही.

अडीचचं भोक पाडताना दुसरा घोळ. बीच कठीण, बिट वरच्या वर घसरलं आणि भोक मधोमध न पडता एक मिलिमीटर बाजूला पडलं. आधी सुयानं किंवा खिळ्यानं खूण करून घ्यायला हवी होती, हे मला सुचलं तेव्हा उशीर झालेला. पण बटणाखाली कुणाला दिसतंय.

स्क्रू मेण लावून हातानं पिळला. शेवटचे चार-पाच आटे चांगले जड गेले. इतके दिवस तो स्क्रू नुसता फिरताना बघितल्यावर हाताला लागलेला तो जडपणा, काय सांगू! नमदा दबला आणि मी थांबले. अर्धा आटा अजून पिळायचा फार मोह झाला होता, काका.

मग पट्टा लावून गिटार पलंगावर धरून दहा-बारा हिसके दिले. हलत नाही. बेंजोवाले दादांची नाडीही बांधलीय. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून दोन गोल कापले, मध्ये बारीक भोक, ते पट्ट्यावरून बटणावर ओढून बसवले. न्युर्नबर्गची बिअर आमच्याकडे मिळत नाही.

---

पॅटर्नशॉप (सोमवार, सकाळी ६:१०)

वह्यांची युक्ती फार आवडली. आमच्याकडे याला लाकडी ठोकळे लागायचे, एकेक मिलिमीटरचे करून ठेवलेले.

एक मिलिमीटरनं काही बिघडत नाही. टवक्यालाही नाही. पहिल्या नमुन्याला आमचे मुकादम जे बोलायचे त्या मानानं तुमचं काम पुष्कळ स्वच्छ झालंय.

खालचं बटण उघडून बघितलंत का?

---

टवाळ_कार्टा (सोमवार, सकाळी ९:३०)

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. माझ्याकडे गिटार नाही, पण कपाटाच्या दाराची बिजागरी अशीच लोंबतेय. तिथे हीच खुंटी चालेल ना? (सिरियसली विचारतोय.)

---

पॅटर्नशॉप (सोमवार, सकाळी ९:५५)

चालेल. दार प्लायवुडचं असेल तर उत्तम. भुशाच्या पाटीचं असेल, जी पाणी लागलं की पावासारखी फुगते, तर १० ची खुंटी घाला आणि भोकाच्या भिंतींना आधी पातळ केलेला फेविकॉल पाजून एक दिवस सुकू द्या. दार काढून आडवं ठेवून करा, लोंबत्या दारावर नको.

---

खडू-डस्टर (सोमवार, रात्री ८:४५)

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

घट्ट आहे, घट्ट आहे म्हणत होते. आज शाळेतून आल्यावर उघडलं. अडीच आट्यांत बाहेर आलं. स्क्रू २० चाच. भोकात टूथपिक घातली, २७.

घट्ट वाटत होतं कारण भोवती जुना गोंद साचून बटण रंगालाच चिकटलं होतं. लाकडाला नाही.

खुंट्या नऊ शिल्लक आहेत. शेजारी ड्रिल परत मागायच्या आत आज रात्रीच मारते. वह्या तपासून झाल्यात, पण परत दिलेल्या नाहीत.